बोयाला वळसा : ऑनलाइन शीडबोट शर्यतींतील सर्वांत अवघड नियम

शिडाच्या बोटींच्या शर्यतीसाठी पाण्यावर रस्ता आखलेला नसतो. आयोजक समुद्रात किंवा तलावात काही बोये नांगरून ठेवतात. त्यांना कोणत्या क्रमाने वळसा घालायचा आणि कोणता बोया आपल्या कोणत्या हाताला ठेवायचा, एवढे सूचनापत्रकात लिहिलेले असते. सुरुवातीची रेषा ओलांडली की बोटी रुंद पाण्यावर पसरतात. कोणी डावीकडचा वारा शोधतो, कोणी उजवीकडचा प्रवाह टाळतो. मग पहिला बोया जवळ येतो आणि पसरलेला सगळा ताफा दहा-पंधरा मीटरांच्या जागेत एकवटतो. शर्यतीतील पुष्कळसे धक्के, वाद आणि हरकती याच जागी जन्म घेतात.

हीच शर्यत संगणकावर किंवा मोबाइलवर खेळली जाते, तेव्हा खेळ रचणाऱ्यांपुढील सर्वांत अवघड काम वळशाचा नियम बसवण्याचे असते. वारा, शिडे, लाटा यांचे गणित त्या मानाने सरळ आहे. वळशाच्या खऱ्या नियमात ‘जागा’, ‘खलाशाला शोभेल अशी हालचाल’, ‘वाजवी शंका’ असे शब्द येतात. माणूस ते प्रसंग पाहून समजतो. संगणकाला मात्र ते अंतर, कोन आणि वेळ यांच्या मापांत सांगावे लागतात. हे रूपांतर जेथे ढोबळ होते, तेथे निर्दोष खेळाडूला दंड होतो. त्याहून गंभीर बाब अशी की, त्या खेळावरून नियम शिकलेला नवखा खेळाडू चुकीची समजूत घेऊन खऱ्या पाण्यावर उतरतो आणि तेथे धक्का लागला तर तो पडद्यावरचा नसतो.

खऱ्या पाण्यावरील नियम

जगभरच्या शीडबोट शर्यती ‘वर्ल्ड सेलिंग’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमावलीनुसार होतात. या संघटनेची स्थापना १९०७ मध्ये वेगळ्या नावाने झाली. नियमावली दर चार वर्षांनी सुधारली जाते. सध्याची आवृत्ती २०२५ ते २०२८ या काळासाठी आहे. आजच्या नियमांच्या घडणीत अमेरिकेचे हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांचा वाटा मोठा आहे. १९३०, १९३४ आणि १९३७ असा तीन वेळा ‘अमेरिकाज कप’ राखणाऱ्या या नौकापटूने शर्यतीच्या नियमांची नव्याने मांडणी केली. पत्त्यांतील ब्रिजच्या खेळाला आजची गुणपद्धती देणारेही तेच.

मूलभूत नियम थोडे आहेत. दोन बोटींना विरुद्ध बाजूंनी वारा लागत असेल, तर जिला डावीकडून वारा लागतो तिने उजवीकडून वारा लागणाऱ्या बोटीपासून दूर राहायचे. दोघींना एकाच बाजूने वारा लागत असून त्या एकमेकींच्या बाजूला आलेल्या असतील, तर वाऱ्याकडच्या बोटीने दुसरीला वाट द्यायची. एक बोट दुसरीच्या मागे असेल, तर मागच्या बोटीने पुढचीपासून दूर राहायचे. मोकळ्या पाण्यात एवढ्यावर निभावते.

बोयापाशी मात्र निभावत नाही. समजा, दोन बोटी शेजारी-शेजारी बोयाकडे येत आहेत आणि अग्रहक्क बाहेरच्या बोटीकडे आहे. तिने तो हक्क शेवटपर्यंत बजावला, तर आतली बोट बोयावर चढेल. म्हणून नियमावलीतील अठराव्या नियमाने बोयाभोवती एक वर्तुळाकार क्षेत्र मानले आहे. बोयाला अधिक जवळ असलेल्या बोटीच्या लांबीच्या तिप्पट, एवढी त्याची त्रिज्या. दोन बोटींपैकी पहिली या क्षेत्राला पोहोचते त्या क्षणी दोघी एकमेकींच्या बाजूला असतील, तर बाहेरच्या बोटीने आतल्या बोटीला वळसा घालण्यापुरती जागा द्यायची. त्या क्षणी एक बोट स्पष्टपणे पुढे असेल, तर मागच्या बोटीने तिला जागा द्यायची.

२००९ पूर्वी हे क्षेत्र दोन लांब्यांचे होते. सांघिक शर्यतीत आणि दोनच बोटींच्या सामन्यात आजही ते दोन लांब्यांचे असते. किनाऱ्यावरून रेडिओद्वारे चालवल्या जाणाऱ्या छोट्या प्रतिकृतींच्या शर्यतीत चार लांब्यांचे. बोटीचा आकार, तिचा वेग आणि चालवणाऱ्याला नेमके किती दिसते, यांनुसार हे माप बदलते. ऑनलाइन खेळ रचणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पडद्यावरील शर्यत

शीडबोटींच्या ऑनलाइन शर्यतींचे दोन स्पष्ट प्रकार आहेत. पहिला दूर सागरातील शर्यतीचा. फ्रान्समधील ‘व्हर्च्युअल रेगाटा’ हा खेळ त्यासाठी प्रसिद्ध आहे. एकट्या नाविकाने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करावयाच्या ‘व्हँदे ग्लोब’ या शर्यतीची आभासी आवृत्ती तेथे खेळली जाते. २०२०-२१ च्या आवृत्तीत दहा लाखांहून अधिक लोकांनी नावे नोंदवली होती. या प्रकारात खेळाडू प्रत्यक्ष हवामानाच्या अंदाजानुसार मार्ग ठरवतो आणि शर्यत आठवडेच्या आठवडे चालते. बोटी एकमेकींच्या आड येत नाहीत; एकाच ठिकाणाहून शेकडो बोटी निर्वेध जाऊ शकतात. त्यामुळे जागा देण्या-घेण्याचा प्रश्नच तेथे उद्भवत नाही.

दुसरा प्रकार किनाऱ्यालगतच्या छोट्या शर्यतीचा. काही बोटी, दोन-तीन बोये आणि काही मिनिटांचा खेळ. येथे बोटी एकमेकींना अडवतात, एकमेकींचा वारा तोडतात आणि नियम मोडल्यास संगणक तत्काळ दंड करतो. या प्रकाराला अधिकृत स्थानही मिळाले आहे. वर्ल्ड सेलिंगने २०१८ पासून ई-सेलिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू केली. २०२१ च्या ऑलिम्पिक आभासी मालिकेत आणि २०२३ मध्ये सिंगापूर येथे झालेल्या ऑलिम्पिक ई-क्रीडा मालिकेत शीडबोटींच्या शर्यतीचा समावेश होता. २०२० च्या टाळेबंदीत खऱ्या शर्यती थांबल्या, तेव्हा अनेक देशांतील नौकाक्लबांनी आपल्या सभासदांना याच मार्गाने एकत्र ठेवले. पुढील विवेचन या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

वळसा झाला की नाही?

पहिला प्रश्न अगदी प्राथमिक आहे. बोटीने बोयाला वळसा घातला, हे संगणकाने ओळखायचे कसे? सोपा उपाय म्हणजे बोयापासून बाहेरच्या दिशेने एक अदृश्य रेषा काढायची आणि बोटीने ती योग्य दिशेने ओलांडली की वळसा पुरा मानायचा. यात पळवाट राहते. बोया चुकीच्या हाताला ठेवून पुढे गेलेली बोट ती रेषा आधी उलट दिशेने ओलांडते; मग जरा मागे फिरून तीच रेषा योग्य दिशेने ओलांडते आणि खेळ तिला वळशाचे श्रेय देऊन टाकतो. प्रत्यक्षात तिने बोयाला प्रदक्षिणा घातलेलीच नसते.

खऱ्या नियमावलीने यासाठी दोऱ्याची कल्पना वापरली आहे. बोट सुरुवातीच्या रेषेकडे निघाल्यापासून शर्यत संपेपर्यंत ज्या मार्गाने गेली, त्या मार्गावर एक दोरा अंथरला आहे असे समजायचे. मग तो दोन्ही टोकांनी ताणायचा. ताणलेला दोरा प्रत्येक बोयाच्या योग्य बाजूने, योग्य क्रमाने गेला आणि वळशाच्या बोयांना टेकला, तर बोटीने मार्ग पुरा केला. मधल्या नागमोडी हालचाली ताणल्यावर आपोआप नाहीशा होतात.

हा दोरा संगणकाला कठीण नाही. बोयाच्या जागी एक माणूस उभा आहे आणि तो सतत त्या बोटीकडे पाहत आहे, अशी कल्पना करावी. बोट खालून आली, बोया डाव्या हाताला ठेवून वर गेली आणि वळून पुन्हा खाली निघाली, तर त्या माणसाला डावीकडे वळत सुमारे ३६० अंशांची गिरकी घ्यावी लागेल. बोट चुकीच्या बाजूने गेली, तर तो तितकाच उजवीकडे वळेल. बोट रेषेवर नुसती पुढे-मागे झाली, तर जेवढा एकीकडे वळला तेवढाच परत येईल. प्रत्येक क्षणी या कोनातील बदलाची बेरीज करत राहिले की ताणलेल्या दोऱ्याचे उत्तर मिळते.

या पद्धतीचा आणखी एक लाभ आहे. चुकीच्या बाजूने गेलेल्या बोटीला, शर्यत संपण्यापूर्वी, आलेल्या वाटेने परत जाऊन दोरा उलगडण्याची आणि नीट वळसा घालण्याची मुभा खऱ्या नियमांत आहे. कोनांची बेरीज ठेवणाऱ्या खेळात ही मुभा आपोआप मिळते. केवळ रेषा मोजणाऱ्या खेळात ती वेगळी लिहावी लागते आणि अनेकदा राहून जाते.

एका क्षणाचा निर्णय

अठराव्या नियमाचे मर्म एका क्षणात आहे. पहिली बोट क्षेत्राला पोहोचते त्या क्षणी जे नाते असेल, तेच पुढे धरायचे. नंतर बोटींची स्थिती बदलली तरी जागा देण्याचे बंधन कायम राहते. जिला जागा मिळायची ती बोट क्षेत्राबाहेर गेली, तिने वाऱ्यातून नाळ फिरवून दिशा बदलली किंवा तिला जागा मिळून चुकली, म्हणजे ते बंधन संपते.

सदोष खेळांत नेमकी येथेच गफलत होते. तेथे हे नाते प्रत्येक चौकटीला, म्हणजे सेकंदात दहा-वीस वेळा, नव्याने मोजले जाते. त्याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. बोट एकमेकींच्या बाजूला आहेत की मागे-पुढे, हे पुढच्या बोटीच्या पिछाडीवरून तिच्या लांबीला काटकोनात काढलेल्या रेषेने ठरते. मागची बोट पूर्णपणे त्या रेषेच्या मागे असेल, तर ती ‘मागे’ आहे. आता पुढची बोट क्षेत्रात शिरून बोयाभोवती वळू लागली, की तिच्याबरोबर ती रेषाही फिरते. पाऊण लांबी मागे असलेली बोट एकाएकी रेषेच्या पुढे येते आणि आतल्या बाजूला असल्याने हक्कदार ठरते. पुढच्या बोटीने काहीही चूक केलेली नसताना, केवळ ती वळली म्हणून, तिला दंड होतो. खऱ्या नियमानुसार त्या प्रसंगी मागच्या बोटीनेच जागा द्यायची असते. नंतर बाजू साधली तरी बंधन बदलत नाही.

उपाय असा की, क्षेत्रप्रवेशाच्या क्षणी प्रत्येक जोडीचे नाते नोंदवून ते गोठवायचे आणि ठरावीक कारणांनीच ते मोकळे करायचे. दहा बोटींमध्ये पंचेचाळीस जोड्या होतात. वीस बोटींमध्ये एकशे नव्वद. आजच्या संगणकाला हे ओझे नगण्य आहे.

नोंद करताना दोन बारकावे सांभाळावे लागतात. पहिला साखळीचा. दोन बोटींमध्ये तिसरी बोट असून ती दोघींच्याही बाजूला असेल, तर त्या दोघीही एकमेकींच्या बाजूला आहेत असे मानले जाते. केवळ शेजारच्या बोटीचे नाते मोजणारा खेळ चार-पाच बोटी एका ओळीत येताच चुकतो. दुसरा अपवादांचा. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने नागमोडी जाताना समोरासमोर येणाऱ्या, म्हणजे विरुद्ध बाजूंनी वारा लागणाऱ्या बोटींमध्ये हा नियम लागूच होत नाही. तेथे नेहमीचा उजव्या-डाव्याचा नियमच चालतो. हा अपवाद गाळलेल्या खेळात वरच्या बोयापाशी डावीकडून वारा घेत येणारा खेळाडू आतली जागा मागू लागतो आणि उजवीकडून वारा घेत ओळीने येणाऱ्या बोटींना विनाकारण दंड होतो.

दोनशे सहस्रांश सेकंदाची शंका

क्षणावर सगळे अवलंबून असेल, तर तो क्षण नक्की ठरवता आला पाहिजे. ऑनलाइन खेळात हीच अडचण असते. एक खेळाडू फ्रान्समध्ये, दुसरा ब्राझीलमध्ये आणि निर्णय देणारा सर्व्हर तिसऱ्याच देशात. प्रत्येकाच्या पडद्यावर दिसणारे चित्र किंचित जुने असते.

हा किंचितपणा मोजून पाहावा. इल्का ही एका माणसाची बोट सुमारे ४.२ मीटर लांब असते. तिचे क्षेत्र साडेबारा मीटरांचे. पाच नॉट वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे अडीच मीटर जाताना, ती क्षेत्राच्या कडेपासून बोयापर्यंत पाच सेकंदांत पोहोचते. दोनशे सहस्रांश सेकंदाचा विलंब झाला, तर तिची जागा अर्ध्या मीटरने चुकते. फोर्टीनाइनर ही दोघांची वेगवान बोट पाच मीटर लांब असते. पंधरा नॉट वेगाने ती आपले पंधरा मीटरांचे क्षेत्र दोन सेकंदांत ओलांडते आणि तेवढ्याच विलंबाने दीड मीटर चुकते. एका खेळाडूच्या पडद्यावर तो स्पष्ट बाजूला असतो; दुसऱ्याच्या पडद्यावर तोच स्पष्ट मागे. दोघेही आपल्या परीने खरे सांगत असतात.

येथे जुन्या नियमाचाच आधार घेता येतो. बोटीने वेळेत बाजू साधली की नाही, किंवा असलेली बाजू वेळेत सोडवली की नाही, याविषयी वाजवी शंका असेल, तर तसे घडले नाही असे धरावे, असे नियमावली सांगते. याचा अर्थ, शेवटी जे निश्चित ठाऊक होते तेच कायम. माणसाच्या डोळ्यांच्या मर्यादेसाठी केलेला हा नियम जाळ्यातील विलंबालाही तंतोतंत लागू पडतो. सर्व्हरने दोघांचा विलंब मोजावा. त्या विलंबात बोट जेवढे अंतर कापते तेवढा शंकेचा पट्टा धरावा. बाजू साधण्याचा किंवा सुटण्याचा प्रसंग त्या पट्ट्यात आला, तर आधीची स्थिती कायम ठेवावी. शेवटच्या क्षणी नाळ घुसवणाऱ्याला त्यामुळे लाभ मिळत नाही आणि दोन-तीन सेकंद आधीपासून आपले स्थान राखणाऱ्याला संरक्षण मिळते.

‘पुरेशी जागा’ म्हणजे किती?

नियमानुसार ‘जागा’ म्हणजे त्या वेळच्या परिस्थितीत, खलाशाला शोभेल अशा रीतीने आणि तत्परतेने हालचाल करताना बोटीला लागणारे अंतर. भर वाऱ्यात ते जास्त, मंद वाऱ्यात कमी. ते मीटरांत ठरवून देणारा खेळ एका वाऱ्यात उदार आणि दुसऱ्या वाऱ्यात कंजूष ठरतो.

याहून चांगला मार्ग ‘पुढे पाहण्याचा’ आहे. बोटीचा वेग, वळण्याचा दर आणि वारा सर्व्हरला ठाऊक असतातच. त्यामुळे त्याला प्रश्न विचारता येतो : या क्षणापासून आतल्या बोटीने तत्परतेने नेहमीचे वळण घेतले, तर ती बोयाला आणि बाहेरच्या बोटीला न लागता वळू शकेल का? उत्तर ‘होय’ असेल, तर जागा दिली गेली आहे. ‘नाही’ असेल, तर बाहेरच्या बोटीने बंधन मोडले आहे, मग धक्का लागो वा न लागो. हीच कसोटी उलटही लावता येते. आतल्या बोटीने उशिरा, मागून येऊन बाजू साधली आणि बाहेरच्या बोटीला जागा देणे त्या क्षणापासून शक्यच नव्हते, तर तिच्यावर बंधन येत नाही, असेही नियम सांगतो.

ही कसोटी नसल्याने खेळांत एक वाईट सवय रुजते. खऱ्या पाण्यावर बोट फुटते, माणूस जखमी होतो. म्हणून अग्रहक्क असलेला नाविकही टक्कर टाळतो, आणि टाळावी असे त्याच्यावर बंधनही आहे. पडद्यावर काहीच फुटत नाही. तेथे काही खेळाडू आपला हक्क शस्त्रासारखा वापरतात. दुसऱ्याला हलता येणार नाही अशा वेळी मुद्दाम दिशा बदलून ते त्याच्या अंगावर जातात आणि त्याला दंड करवतात. अग्रहक्काच्या बोटीने दिशा बदलताना दुसरीला दूर राहण्यास वाव दिला पाहिजे, असा नियम आहे. धक्क्यापूर्वीच्या दोन सेकंदांत दुसऱ्या बोटीला सुटकेचा एक तरी मार्ग होता का, हे तपासले की अशा खेळाडूचा डाव उघडा पडतो.

दोष कोणाचा, दंड कोणाला

बोयाला स्पर्श करणे हा स्वतंत्र अपराध आहे. तो तपासणे संगणकाला सर्वांत सोपे. म्हणून बहुधा तोच आधी तपासला जातो. परिणामी जिला जागा नाकारली गेली आणि त्यामुळे जी बोयावर ढकलली गेली, तिलाच दंड होतो. खऱ्या नियमांत अशी बोट दोषमुक्त असते. तेव्हा तपासणीचा क्रम बदलायला हवा : प्रथम जागेचा हक्क कोणाचा होता, मग ती मिळाली का, आणि त्यानंतर स्पर्श.

तीन बोटींच्या प्रसंगात ही काळजी अधिक लागते. सर्वांत बाहेरची बोट मधलीला दाबते आणि मधली आतलीवर जाते. धक्का मधली आणि आतली यांच्यात होतो. दोष मात्र बाहेरचीचा असतो. दुसऱ्याने नियम मोडल्यामुळे जिला नियम मोडणे भाग पडले, ती दोषमुक्त, हे तत्त्व खेळात उतरवायचे, तर दोषाची साखळी शेवटच्या दुव्यापर्यंत तपासावी लागते.

दंडाचे स्वरूपही विचारात घेण्यासारखे आहे. पाण्यावर बोयाला स्पर्श झाला तर बोटीने एक गिरकी घ्यायची आणि दुसऱ्या बोटीचा हक्क डावलला तर दोन, असा सर्वसाधारण नियम आहे. त्या गिरक्या इतर बोटींपासून दूर जाऊन घ्यायच्या असतात. खेळांत बहुधा गिरकीऐवजी काही सेकंद वेग कमी केला जातो. हा दंड तत्काळ, म्हणजे बोयापाशीच लागू झाला, तर मंदावलेली बोट मागच्या निरपराध बोटींची वाट अडवते आणि एका चुकीतून पाच नव्या चुका होतात. काही खेळ दंड झालेल्या बोटीला काही क्षण ‘भूत’ करतात. इतर बोटी तिच्यातून आरपार जातात. कोंडी टळते खरी, पण ती बोट त्याच अवस्थेत आतली वाट कापून निघून जाण्याची शक्यता उरते. दंड क्षेत्राबाहेर पडल्यावर लागू करावा, हा मार्ग खऱ्या नियमाच्या अधिक जवळचा आहे.

या बाबतीत मोठ्या स्पर्धांचा अनुभव उपयोगी पडतो. २०१३ च्या अमेरिकाज कपमध्ये वेगवान बोटींची जागा उपग्रहाच्या साहाय्याने सेंटिमीटरांच्या अचूकतेने टिपली जात होती. पंच संगणकाच्या पडद्यावर पाहून निर्णय देत आणि गिरक्यांऐवजी ठरावीक अंतर मागे पडण्याचा दंड करत. खऱ्या शर्यतीने आभासी पंचाचे साधन स्वीकारले, तरी त्या साधनासमोर निर्णय घेणारा माणूस कायम ठेवला, हे लक्षणीय आहे.

कारण सांगणारा पंच

पाण्यावर हरकत घेतली, तर शर्यतीनंतर समितीपुढे सुनावणी होते. दोन्ही बाजू बोलतात, साक्षीदार येतात आणि निर्णयासोबत कोणता नियम का मोडला, हे सांगितले जाते. हरणाऱ्यालाही काही शिकायला मिळते. खेळात मात्र पडद्यावर लाल खूण उमटते आणि बोट मंदावते. का, ते कळत नाही.

सुधारणेचा हा भाग तंत्राच्या दृष्टीने सर्वांत सोपा आणि परिणामाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. बोट क्षेत्राजवळ येताना वर्तुळ दिसावे. क्षेत्रप्रवेशाच्या क्षणी कोण कोणाला जागा देणे लागतो, हे दोघांच्याही पडद्यावर एकाच खुणेने दिसावे. दंड झाल्यास नियमाचा क्रमांक आणि एक वाक्य यावे. आणि शर्यतीनंतर तो प्रसंग वरून, सावकाश पाहता यावा. आपले बंधन आधीच दिसले, तर पुष्कळ खेळाडू नियम मोडतच नाहीत.

बदल केल्यावर ते तपासण्याचे साधनही तयार आहे. वर्ल्ड सेलिंग निवडक प्रकरणांचे निर्णय आकृत्यांसह पुस्तकरूपाने प्रसिद्ध करते. त्यांतील बोयाजवळची प्रकरणे खेळात जशीच्या तशी मांडून, संगणकाचा निकाल अधिकृत निकालाशी जुळतो का, हे पाहता येते. एक चूक दुरुस्त करताना दुसरी निर्माण झाली असेल, तर तीही याच कसोटीत सापडते.

गोव्याच्या पाण्यापुरते

गोव्याला शीडबोटींची शर्यत परकी नाही. दोनापावलाजवळच्या पाण्यात तरुण नाविक सराव करतात आणि २०२३ च्या सदतिसाव्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही शिडाच्या बोटींच्या शर्यती होत्या. पावसाळ्यात मात्र समुद्र खवळतो आणि छोट्या बोटी किनाऱ्यावर चढवून ठेवाव्या लागतात. जे महिने बोटीविना जातात, त्यांत नियमांचा सराव घरबसल्या करण्याचे साधन म्हणून अशा खेळांचा उपयोग होऊ शकतो. अंगावर येणारे पाणी, हातातली दोरी आणि तोल यांचे शिक्षण त्यातून मिळत नाही. बोयाकडे जाताना दहा लांब्या आधीपासून विचार करण्याची सवय मात्र लागू शकते.

मुलांच्या हाती असा खेळ देताना प्रशिक्षकांनी आणि पालकांनी चार गोष्टी पाहाव्यात. खेळ कोणत्या वर्षांची नियमावली वापरतो, हे नमूद आहे का. नसल्यास तो चार-आठ वर्षांपूर्वीचे नियम शिकवत असेल. क्षेत्रात शिरल्यावर हक्क बदलत राहतो की स्थिर राहतो. जागा नाकारल्यामुळे बोयाला लागलेल्या बोटीला दंड होतो का. आणि दंडाचे कारण सांगितले जाते का. पहिल्या दोन-तीन शर्यतींत याची उत्तरे मिळतात. उत्तरे समाधानकारक नसतील, तर खेळ करमणुकीपुरता ठेवावा आणि अठरावा नियम मुलांना जमिनीवर खडूने वर्तुळ काढून, कागदाच्या होड्या हातात देऊन शिकवावा.